लंगोट धुणारी पोरगी

बाई, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाजही आता नीट आठवत नाही. राग मात्र आहे तसाच आहे, म्हणून लिहायला बसले. मी डिंगोऱ्याची, तुमच्या सातवीच्या वर्गातली, तुमची मुलगी सांभाळणारी.

या मे महिन्यात माहेरच्या पेटीतून तुम्ही दिलेली पुस्तकं मी मंचरला घेऊन आले. लेक चौथीत जाईल आता, तिला सुट्टीत वाचायला होतील म्हणून. तीच ती मालिका. शहरातल्या एका कॉलनीतल्या चार मैत्रिणी शाळा सुटली की शेजारपाजारची बाळं सांभाळतात, दर पुस्तकात एखादं बाळ काहीतरी घोटाळा करून ठेवतं, त्या तो निस्तरतात आणि शेवटी कुणीतरी काकू त्यांना आइस्क्रीम खाऊ घालतात. मला सगळी तोंडपाठ होती. लेकीनं भराभर संपवली आणि एक पान माझ्यासमोर धरून विचारलं, "आई, ह्या पोरीचं नाव काय गं?" चित्रात चौघी बाळाला खेळवतायत, आणि मागं मोरीत एक मुलगी लंगोट धुतेय. त्यांच्याच वयाची. मजकुरात तिच्या वाट्याला एवढंच: पोरीनं लंगोट वाळत घातले. मी उरलेली पुस्तकं चाळली. आणखी एकात ती पाणी भरताना दिसली. नाव कुठंच नाही. इतक्या वेळा वाचून ती मला कधी दिसलीच नव्हती, बाई. मी स्वतःला त्या चौघींतली पाचवी समजत होते.

तसं समजायला तुम्हीच लावलंत. तुमचे साहेब नोकरीला नाशिकला, तुमची रजा संपलेली, बाळाला बघणारी म्हातारी लेकाकडं निघून गेलेली. तुम्ही भर वर्गात म्हणालात की या वर्गात सगळ्यात जबाबदार मुलगी कोण ते मला माहीत आहे, आणि माझ्याकडं बघितलंत. मी हवेतच घरी गेले. आई कांद्याच्या रानातून आली होती, तिला सांगितलं तर ती म्हणाली, "बाईंनी तुला निवडलं, लई मानाचं हाय." आधी फक्त मधल्या सुट्टीत जायचं होतं. मग दुपारभर. दिवाळीनंतर प्रार्थना झाली की मी थेट तुमच्या खोलीवर. शाळेच्या लेखी मी वर्गातच असायची. दूध कोमट करायचं, बाळाला न्हाऊ घालायचं, पायावर घेऊन निजवायचं, लंगोट धुवायचे. मी कंटाळलेय असं वाटलं की तुम्ही नवं पुस्तक आणायचात. तेव्हा मला ते बक्षीस वाटायचं. आता कळतं, बैलाला पेंड घालतात तसं होतं ते.

एक दिवस मला राहवत नाही. तुम्ही स्कॉलरशिपच्या मुलांना अपूर्णांक शिकवताय आणि मी बाळाला कडेवर घेऊन वर्गाच्या खिडकीशी उभी आहे. फळ्यावरचं अर्धं दिसतंय, अर्धं कुणाच्या तरी डोक्याआड. तुम्ही मला बघता, बाहेर येता, बाळाच्या डोक्यावर पदर धरता आणि हळू आवाजात म्हणता, "उन्हात आणलंस तिला? पुस्तकातल्या मुली असं करतात का?" ओरडला असतात तर विसरले असते. मला इतकी लाज वाटली की मी पुन्हा खिडकीशी गेले नाही.

स्कॉलरशिपला तुम्ही मला बसवलंच नाही. तेव्हा आई पहिल्यांदाच तुमच्याकडं आली. तुम्ही तिला खुर्चीवर बसवलंत, चहा दिलात, आणि ती शांत होऊन परतली. "बाई म्हनल्या, पोरगी हुशार हाय, घरी वाचून बी पुढं जाईल," असं तिनं मला सांगितलं. रानात राबणाऱ्या बाईला कुणी खुर्ची दिली, तेवढ्यानंच ती हरली होती. आठवीत गणित माझ्या डोक्यावरून गेलं. नववी सुटली. मग पिंपरी पेंढारला मामाच्या शेतात टोमॅटो तोडायला, मग लग्न. आज मी अंगणवाडीत मदतनीस आहे. सेविका शिकवते, मी खिचडी शिजवते आणि मुलांना धुते.

तुमचीही अडचण होती, हे मला कळतं. मीसुद्धा लेकीला सासूच्या भरवशावर टाकून कामाला जाते. पण तुमच्यापुढं वर्गभर मुली होत्या आणि तुम्ही हुशार बघून उचललीत, कारण हुशार मुलीला एकदाच सांगावं लागतं. माफ करावं असं मला यात काही सापडत नाही. ती पुस्तकं मी बंबात घातली. लेक रुसली, तिला दुसरी आणून दिली.

पुढच्या वर्षी तुमची बदली झाली आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तुम्ही गेल्याचं कानावर आलं. तुमची मुलगी आता पुण्यात असते म्हणे. हे तिच्या हाती पडू देणार नाही, तिचा काय दोष? लिहून झालं की फाडून टाकीन. त्याआधी एक सांगते, जे मी कुणालाच सांगितलेलं नाही. एका संध्याकाळी तुम्ही शाळेतून आल्या आल्या ती तुम्हाला आई म्हणाली आणि तुमचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी तुम्ही सगळ्या वर्गाला पेढे वाटलेत, मलाही एक दिलात. तिनं आई म्हणण्याची ती पहिली वेळ नव्हती, बाई. त्याआधी कितीतरी दिवस ती मला आई म्हणत होती.