सहा खोटे शिक्के

तीर्थरूप भाऊजींना, शिक्क्याची शाई लागलेल्या दोन्ही हातांनी नमस्कार. गुडघा आता बरा असेल. ताईही मजेत असेल (तिच्या पत्रात तुमच्या गुडघ्यापेक्षा तुमच्या हट्टाचाच मजकूर जास्त होता).

पत्रास कारण तुमची कादंबरी. आमच्या वाचनालयाचा नियम असा, की सात वर्षांत एकदाही बाहेर न गेलेलं पुस्तक रद्दीत काढायचं. गेल्या वर्षीच्या यादीत तुमचं नाव पहिलं, आणि यादी करणारा मीच. सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याला रद्दीत घालायचं तरी कसं? शेवटी आमच्या जुन्या सभासद, गणिताच्या निवृत्त बाई, यांच्याकडे मन मोकळं केलं. त्या म्हणाल्या, यात लिखाणाचा दोष नसतो (मी मान हलवली, कशी ते विचारू नका). लोक आधी मागच्या पानावरचे परतीच्या तारखांचे शिक्के बघतात आणि ज्यावर जास्त, तेच उचलतात. गावं, दुकानं, सगळी म्हणे अशीच वाढतात. बरंवाईट नशीब सगळ्यांनाच, पण वाढ टक्क्यांत होते. शंभराचे दहा टक्के दहा, दहाचा नुसता एक. "आणि शून्याचे कितीही टक्के काढा, हाती शून्यच," त्या म्हणाल्या.

मग काय, एका दुपारी दार लोटून घेतलं आणि तुमच्या पुस्तकावर सहा जुन्या तारखा ठोकल्या. (एक तारीख रविवारची निघाली, तेव्हा आम्ही बंद असतो, पण कुणी बघितलं नाही.) पहिल्या महिन्यात एकटे दाताचे डॉक्टर घेऊन गेले, पुढच्या महिन्यात दोघं, आणि आता तेवीस खरे शिक्के झालेत आणि नंबर लावायला वेगळी वही घातली आहे. शेजारचं पुस्तक अगदी तुमच्याइतकंच चांगलं असेल, बिचारं अजून धूळ खातंय. पण तुम्ही रद्दीतून सुटलात, भाऊजी, आणि मला खरोखर फार आनंद झाला.

तुमचा मेहुणा

ता. क. एक बारीकशी अडचण आहे. तेवीसही वाचक टेबलाशी येऊन शेवट विचारतात, कारण छापखान्याने शेवटची सोळा पानं कोरीच सोडली आहेत. तुम्ही मला सही करून दिलेली प्रतही तशीच निघाली (हो, कालच उघडली). तेव्हा शेवटचं प्रकरण हाताने लिहून लगोलग पाठवा.

ता. ता. क. ताईला मात्र काही बोलू नका. शेवट आठवतो का म्हणून मी तिला फोन केला होता. म्हणाली, छापील पुस्तकातच तीनदा वाचलाय, आणि तिन्ही वेळा रडू आवरलं नाही.