सिलिंडर हलणार नाही

सोलापूर,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

ती. आईंना,

उत्कर्षाचा शिरसाष्टांग नमस्कार. रागावलेल्या माणसालाही नमस्कार घ्यावाच लागतो, म्हणून आधी तो उरकते.

इकडे सगळं ठीक. तुमच्या लेकाचा, अनीशचा खोकला गेला. तुमच्या तुळशीला रोज पाणी घालतेय. शेजारच्या महादेवीकाकू सकाळ-संध्याकाळ तुमची चौकशी करतात. मी म्हणते, "वन्संकडे मंगळवेढ्याला गेल्यात, चार दिवस राहतील." चार दिवस कालच संपले.

फोन तुम्ही घेत नाही. वन्सं म्हणतात, "आई झोपलीय." सकाळी नऊला, दुपारी बाराला, संध्याकाळी सहालाही! एवढी झोप तुम्हाला आमच्याकडे कधी लागली नाही. म्हणून हे पत्र. उद्या अनीश घेऊन येईल. पाकीट चिकटवलंय, आतलं पत्र त्याला वाचू देऊ नका. का, ते पुढं कळेल.

तुमचा निरोप वन्संनी सांगितला. "घरात ते नळकांडं असेल तोवर मी घट बसवायला येणार नाही." माझं उत्तर लिहूनच देते, म्हणजे मधल्यामध्ये कुणी त्याला साखर लावायला नको. सिलिंडर हलणार नाही.

बारा वर्षं झाली. भाद्रपद सरत आला की माझं डोकं उठतं. दीड महिना, रोज, दुपारी चारच्या ठोक्याला. उजव्या डोळ्यामागं तापलेली सुई घालून कुणी फिरवावी तसं, आणि तास-दीड तास सुटका नाही. तुम्ही स्वतः पाहिलंय मला भिंतीवर डोकं आपटताना. लोक काय म्हणायचे? "डोकं काय, सगळ्यांचंच दुखतंय की." पित्त म्हणून आलेपाक खाल्ला, नंबर म्हणून तीन चष्मे बदलले. तुम्ही दृष्ट काढलीत, लिंबू उतरवून टाकलंत. मी सगळं मुकाट करून घेतलं. यंदा मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पाच मिनिटांत आजाराचं नाव सांगितलं, क्लस्टर डोकेदुखी. म्हणाल्या, डोकं उठलं की लगेच मास्क लावून पंधरा-वीस मिनिटं ऑक्सिजन घ्यायचा, मोठ्या जोरानं, म्हणून सिलिंडर घरातच ठेवा. आई, बारा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं की हे खरं दुखणं आहे. मी तिथंच खुर्चीत बसून रडले.

बुधवारी ऑक्सिजनवाला चन्नप्पा सिलिंडर घेऊन आला. तुम्ही म्हणालात, पितृपंधरवड्यात नवी वस्तू घरात आणू नये. मी म्हटलं, डोकं पंचांग बघून उठत नाही. त्यानं ते मागच्या खोलीत खिडकीच्या गजाला साखळीनं बांधलं, वरती काट्याचं मीटर बसवलं, पिशवीचा मास्क जोडला. महादेवीकाकू बघायला आल्याच होत्या. मी मास्क धरायला शिकत होते आणि तेवढ्यात तुम्ही आलात. हातात ताम्हण, त्यात पेटलेलं निरांजन आणि तेलात कालवलेलं कुंकू. नव्या फ्रीजला लावलंत, अनीशच्या गाडीला लावलंत, तसंच सिलिंडरच्या मानेवर बोट ओढलंत आणि ओवाळायला हात उचललात.

चन्नप्पा किंचाळलाच. "ओ अव्वा! दिवा मागं घ्या! तेल लावायलाव काय वो त्याला? पेटंल की समदं!"

आणि मी तुमच्या हातातलं निरांजन फुंकलं. तोंडानं. दिवा तोंडानं विझवायचा नसतो, फुलानं शांत करायचा असतो, हे मला तुम्हीच शिकवलंत. वर त्या दोघांसमोर तुमच्यावर ओरडले, "तुम्हाला काही कळतं का!" तुम्ही ताम्हण खाली ठेवलंत, पिशवी भरलीत आणि एसटीनं निघून गेलात.

ओरडले त्याची माफी मागते. त्या फुंकरीची मागणार नाही. तिथं फूल शोधत बसले असते तर आपण सगळेच देवाघरी ओवाळून घेत असतो. ऑक्सिजनपाशी ठिणगी चालत नाही आणि तेलही चालत नाही. चन्नप्पा ते सिलिंडर मीटरसकट परत घेऊन गेला आणि दुसरं आणून बांधलं.

मग गल्लीत बातमी झाली, "उत्कर्षाला ऑक्सिजनवर ठेवलंय." झालं! गुरुवारपासून घरात शहाळ्यांचा ढीग. समोरच्या कोंडीबाआजोबांनी तर कमालच केली. मी सकाळची शाळा करून येत होते, डब्याची पिशवी हातात, आणि ते मलाच विचारतात, "डॉक्टर काय म्हणतायत, कुठवर हाय?" मी म्हटलं, "रिटायर होईपर्यंत."

शुक्रवारी चारला डोकं उठलं. मास्क तोंडावर दाबून धरला आणि घड्याळ बघत बसले. पंधराव्या मिनिटाला उजवा डोळा उघडला. आई, पंधराव्या! मी उठले, चहा टाकला, दोन कप ओतले, आणि मग लक्षात आलं की तुम्ही नाहीत. लई राग आला तुमचा.

आता पाकीट का चिकटवलं ते सांगते. हे अनीशलाही माहीत नाही.

गेल्या वर्षी सातव्या माळेला अखंड दिवा विझला. तुम्ही दिवा राखत बसला होतात आणि उपवासानं थकून भिंतीला टेकल्या टेकल्या तुमचा डोळा लागला. तेवढं खरं. पण वारा आला नव्हता. तेलही संपलं नव्हतं. चार वाजून गेले होते, मी डोकं धरून देवघरात आले आणि ती ज्योत सरळ माझ्या डोळ्यात घुसली. मी देवीला म्हटलं, "तुला नऊ दिवस उजेड, आणि मला हे?" आणि फुंकर मारली. मी मारली. पूर्ण शुद्धीत.

तुम्ही जाग्या झालात, कपाळ बडवून घेतलंत आणि वर्षभरासाठी मीठ सोडलंत. मी रोज मीठ घालायच्या आधी तुमची वाटीभर भाजी बाजूला काढत राहिले आणि तोंड उघडलं नाही. बुधवारी ताम्हण घेऊन का आलात तेही मला ठाऊक आहे. काकूंना तुम्ही म्हणाला होतात, "माझा डोळा लागला आणि भोगतीय माझी पोर." आई, तुमची काहीच चूक नव्हती. आणि दिव्यामुळं डोकंही उठत नाही, ते त्याच्या आधी अकरा वर्षं उठतच होतं.

देवीची माफी मी मागणार नाही. तिचं-माझं मी बघून घेईन. तुमची मागते, पाय धरून मागते.

पुढच्या आठवड्यात सोमवारी, बावीसला घट. यंदा तो बाहेरच्या खोलीत बसेल. सिलिंडर मागं, मध्ये दोन दारं. देवी खोली बघून येत नाही. आलात तर घट तुमच्या हातचा. नाही आलात तर मी बसवीन, नऊ दिवस दिवा राखीन, आणि चारला डोकं उठलं की अनीशला दिव्यापाशी बसवून मागं जाऊन मास्क लावीन. दोन्ही करीन. बघतेच कोण अडवतंय.

याल न याल, ते तुम्ही ठरवा. पण हे वाचून झालं की उठा, आणि वन्संना म्हणावं, आज माझ्या ताटात मीठ वाढ.

दिवा फुंकणारी, तरीही तुमचीच पोर,
उत्कर्षा