ऐन तोड्यात समुद्रावर

नाना, उद्या सकाळी मी आईला घेऊन समुद्रावर चाललो आहे. चार दिवस. आणि भेंडीचा तोडा ऐन भरात आहे. हे तुम्हाला मुद्दाम सांगतो आहे, कारण ऐन तोड्यात घर सोडणं म्हणजे काय, हे तुमच्याइतकं कोणाला कळणार नाही. भेंडी दिवसाआड तोडावीच लागते, दोन दिवस जास्त राहिली की जून होते, आणि जून भेंडी गिऱ्हाईक घेत नाही. हे मला तुम्हीच शिकवलंत. तुम्ही असतात तर अंगणात चप्पल आपटून म्हणाला असतात, "जा खुशाल. मळा काय पळून जातो का?" आणि तुमच्या त्या 'खुशाल'ला घाबरून मी पिशवी पुन्हा रिकामी केली असती. पण तुम्हाला जाऊन सात वर्षं झाली. मळा मी बघतो. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. आई आत दशम्या करते आहे.

मी माफी मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगतो.

मी नववीची परीक्षा दिली त्या वर्षीच्या मे महिन्यात आपण डहाणूला गेलो होतो. मामाची बदली तिकडे झाली होती आणि त्याने चार दिवसांसाठी बोलावलं होतं. आई हट्टाला पेटलेली मी पहिल्यांदाच पाहिली. दोन दिवस ती तुमच्याशी बोलली नाही, फक्त ताट जरा जोरात ठेवत होती. शेवटी तुम्ही काकांना मळा सोपवलात, कोणत्या सरीचा तोडा कोणत्या दिवशी करायचा हे तीन-तीनदा सांगितलंत, आणि जव्हारच्या घाटातून जाणाऱ्या लाल गाडीत बसलात ते जणू कोणाच्या दहाव्याला निघाल्यासारखे. घाटात आईला मळमळलं, तेव्हा तुम्ही खिशातून लिंबू काढून नखाने सोललंत आणि न बोलता तिच्या हातात दिलंत. ते लिंबू तुम्ही आधीच खिशात ठेवलेलं होतं. मी ते विसरलेलो नाही. पण बाकीचंही विसरलेलो नाही.

समुद्र मी पहिल्यांदाच पाहत होतो. तुम्हीसुद्धा. सुरूच्या झाडांमधून बाहेर आलो आणि आई थबकली, तोंडावर हात ठेवला तिने. तुम्ही बराच वेळ पाहिलंत आणि म्हणालात, "एवढं पाणी, अन् उपेग काय? एक वाफा भिजत नाय याच्यावर." आई म्हणाली, "समदं उपेगाचंच लागतं का?" दुपारी ओहोटी लागली, पाणी लांबवर मागे गेलं, तर त्या ओल्या वाळूकडे बघून तुम्ही हळहळलात, "एवढी जमीन रोज उघडी पडती अन् पेरता येत नाय." मामा हसून हसून खोकायला लागला. दुसऱ्या दिवशी तुम्ही समुद्राकडे पाठ करून चिकूच्या वाडीत गेलात आणि तिथल्या माळ्याशी खताबद्दल दोन तास बोललात. परत आलात तेव्हा तुमचा चेहरा दोन दिवसांत पहिल्यांदा माणसासारखा झाला होता.

आई मात्र पाण्यात गेली. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून ती उभी आहे, लाट येते, ती ओरडते आणि हसते. इतक्या मोठ्याने हसणारी आई मी तोवर ऐकली नव्हती. तुम्ही काठावरून हाका मारता, "ओ, झालं की आता! लोकं बघत्यात." ती वळून बघत नाही. मग ती मला हाक मारते, "ये रे, गार नाय पाणी!" आणि तुम्ही माझं मनगट धरून मला वाळूत शेजारी बसवता. "एकानं तरी शहाण्यासारखं बसा," म्हणता. निदान मी हे सगळ्यांना असंच सांगत आलो आहे.

परतलो त्या संध्याकाळी तुम्ही हातातल्या पिशवीसकट मळ्यात गेलात, पाणीसुद्धा न पिता. काका पहिला तोडा करून सासुरवाडीच्या लग्नाला निघून गेले होते. झाडावर भेंडी वीतभर लांब झाली होती, दोऱ्या वळाव्यात अशी चिवट. दुसऱ्या दिवशी त्यातली थोडी तोडून तुम्ही एक पाटी स्वयंपाकघरात आणलीत आणि आईच्या पुढ्यात ओतलीत. "घ्या. ही तुमच्या समुद्राची भाजी. संपत नाय तवर दुसरी भाजी करायची नाय. अन् परत या घरात समुद्राचं नाव निघालं तर बघा." आईने मान खाली घालून एक भेंडी उचलली, मोडून पाहिली. मोडेना. मग तिने विळी पुढे ओढली, एकेक भेंडी उभी चिरली, आतले कोवळे दाणे अंगठ्याने काढले आणि साल बैलाच्या घमेल्यात टाकलं. लसूण आणि शेंगदाण्याचा कूट घालून त्या दाण्यांची आमटी केली. तुम्ही पहिल्या दिवशी मुकाट्याने जेवलात, दुसऱ्या दिवशी दोनदा वाढून घेतलंत, आणि चौथ्या दिवशी विचारलंत, "संपली का पाटी?" आई म्हणाली, "संपली. आणा आणखी, समुद्रावर जाऊन." त्यावर तुम्ही ताटावरून उठून गेलात. मला हसू आलं होतं, ते मी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं.

पण शिक्षा तेवढ्यावर संपली नाही, नाना. जूनमध्ये शाळा उघडली आणि माझं दप्तर खुंटीवरच राहिलं. "घरात हात कमी पडले म्हणून माल गेला," म्हणालात. मी नववी पास होतो. शुद्धलेखनात वर्गात पहिला होतो, बाईंनी माझी वही दुसऱ्या तुकडीत दाखवायला नेली होती. काकांच्या चुकीची, मामाच्या आमंत्रणाची आणि आईच्या हसण्याची, सगळ्यांची मिळून शिक्षा मला झाली. हे मी तुम्हाला कधी म्हणालो नाही. आज म्हणतो. तुम्ही चुकलात.

आणि आता ते सांगतो, जे आईने आणि मी तुमच्यापासून लपवलं. सगळी जून भेंडी तोडून टाका, नाहीतर झाड नवी धरत नाही, असं तुम्ही सांगितलं होतंत. आम्ही तोडली. पण विहिरीकडच्या शेवटच्या सरीत, चांगली अंगाने भरलेली झाडं बघून, आईने दहा-बारा भेंड्या तशाच ठेवल्या. जुन्या लुगड्याच्या काठाच्या चिंध्या फाडून त्यांना बांधल्या. महिनाभराने त्या झाडावर वाळून तडकल्या, तेव्हा तिने त्यांचं बी काढलं, राख चोळून डब्यात भरलं आणि मला म्हणाली, "चिठ्ठीवर वर्ष लिही. बी कुठलं ते नको लिहू." आपण नेहमी बी धरायचो ते हंगामाच्या शेवटी, थकलेल्या झाडांचं. हे बी भर बहरातलं होतं. पुढच्या उन्हाळ्यात तेच पेरलं. तुम्हाला आठवत असेल ती भेंडी, हिरवीगार, कोवळी, एका मापाची. शेजारच्या मळ्यातले भाऊ विचारायला आले, "नाना, कंपनीचं बी का?" आणि तुम्ही मिशीवर हात फिरवत म्हणालात, "कंपनीचं कशाला? घरचं हाय. हे बी विकत मिळत नाय." आई तोंडाला पदर लावून गोठ्यात पळाली. तिला वासराचं काही काम नव्हतं, ती हसायला गेली होती. पुढे तीन उन्हाळे तुम्ही त्या बियाण्याची फुशारकी मारलीत. ते समुद्राचं होतं, नाना. आपण चार दिवस घरी नव्हतो, म्हणून ते झालं.

आता आपल्या मळ्याच्या तिन्ही बाजूंनी इंदिरानगरच्या इमारती आल्या आहेत. गॅलरीतून लोक आमचा तोडा बघत चहा पितात. आईचे गुडघे दुखतात, तरी ती सरीत येते. मागच्या महिन्यात हाताला खाज येऊ नये म्हणून मोजे चढवत ती सहज म्हणाली, "ते पाणी अजून तसंच आसंल का रे?" तुमच्या धाकाने तेव्हाही तिने समुद्र हा शब्द टाळला. त्याच दुपारी मी जाऊन डहाणूच्या गाडीची दोन तिकिटं काढली. मग तीच मागे सरली. "आता ऐन तोड्यात? पाऊस पडल्यावर जाऊ. तुझं वडील असतं तर..." मी म्हणालो, "ते असते तर आपण गेलोच नसतो. आणि ऐन तोड्यातच जायचं." ती माझ्याकडे बघत राहिली, तुमच्याकडे बघायची तशी. दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, "कुठलं लुगडं घेऊ?"

चुलतभावाला सगळं समजावून दिलं आहे. कोणती सरी कोणत्या दिवशी, हे कागदावर लिहून पंपाच्या खोलीच्या दाराला चिकटवलं आहे. तीनदा वाचून पाहिलं. म्हणजे तुमच्यासारखंच केलं, हे मलाही कळतं. तरी काही भेंडी जून होईल. होऊ दे. आलो की आईला सांगेन आमटी कर म्हणून, आणि विहिरीकडच्या सरीतली ठेवेन बियाला. या वेळी चिठ्ठीवर डहाणूचं नावही लिहीन.

हे पत्र घालायला पेटी नाही. घडी करून बियाण्याच्या डब्यात, राखेत ठेवतो. पण त्याआधी वर लिहिलेलं एक वाक्य दुरुस्त करायला हवं, नाहीतर मला झोप यायची नाही. त्या दिवशी वाळूत तुम्ही माझं मनगट धरलं नव्हतं. आईने हाक मारली, मोठी लाट आली, आणि मी मागे सरकून तुमचा हात धरला. तुम्ही फक्त तो सोडवला नाहीत. 'शहाण्यासारखं बसा' म्हणालात ते मला लाज वाटू नये म्हणून, असं आता वाटतं. उद्या आई पाण्यात उभी राहून पुन्हा हाक मारेल, आणि या वेळी माझ्या शेजारी कोणी नसेल.