गाडीचं मिसिंग

३ मे, रविवार
गाडी जागेवर उभी असली की इंजिन थरथरतं, आरपीएमच्या काट्याचा नाच चालू. यालाच मिसिंग म्हणतात. मेकॅनिककडे जाणार नाही. कंपनीत मी क्वालिटीला आहे, दुसऱ्यांच्या चुका काढणं हेच माझं काम. व्हाय-व्हाय ॲनालिसिस करणार, म्हणजे ‘का?’ विचारत मूळ कारणाशी जायचं. पुढच्या रविवारी सासऱ्यांना, बन्सीआबांना, खुटबावला सोडायचंय.
संध्याकाळी हवेचा पाइप काढून आतली झडप पुसली. पुसताना पाइपात धूळ जाऊ नये म्हणून त्याचं तोंडही बंद केलं होतं. व्हिडिओवाले एवढं सांगत नाहीत.

४ मे
मिसिंग वाढलं. स्वच्छतेची सवय व्हायला इंजिनलाही वेळ लागतो.
घरात आणखी एक मिसिंग. आबांचा पांढरा नॅपकिन दोरीवरून गायब. सासूबाईंनी वारण्याआधी त्यावर निळ्या दोऱ्याने ‘ब’ काढला होता. आबा सारखे दोरीकडे बघून येतात.

५ मे
प्लग बदलले. फरक नाही. पेट्रोलच खराब.
नॅपकिनलाही व्हाय-व्हाय लावलं. का गेला? दोरीवर होता. दोरी कुठे? शेजारच्या सिंधूबाईंच्या दारासमोर. सापडलं रूट कॉज! बायको, राजश्री, म्हणाली, अहो, मावशी तसल्या न्हाईत, माझं बाळंतपण त्यांनीच काढलं. भावनेवर क्वालिटी चालत नाही. नळावर, चारचौघांत, नाव न घेता ऐकवलं.

७ मे
चोर नमला! सकाळी दोरीवर नॅपकिन. पांढराशुभ्र. ‘ब’ नाही, धुण्यात उसवला असेल. आबांनी कोपरा चाचपला आणि घडी करून ठेवून दिला.
सिंधूबाई नळावर दिसत नाहीत. मन खातंय, दुसरं काय!

१० मे, रविवार
गल्लीतच गाडी बंद पडली. आबा ढकलायला उतरले तशा सिंधूबाई आल्या. म्हणाल्या, आबा, तुम्ही बसा, मी हाय ना.
बघ्यांना मी पुसलेली झडप दाखवावी म्हणून मीच पाइप उपसला. आत काळा बोळा. उलगडला. कोपऱ्यात निळा ‘ब’.
तोंड बंद करायला त्या दिवशी दोरीवरचं हाताला लागेल ते घेतलं होतं.
सिंधूबाई म्हणाल्या, घावला व्हय, आन् घरात गेल्या. राजश्रीने माझ्याकडे पाहिलंही नाही. जमीन दुभंगावी असं वाटलं.
बोळा निघाल्यावर गाडी सुरू झाली. खुटबावला उतरताना आबांनी नवा नॅपकिन माझ्या हातात दिला. म्हणाले, पाव्हणं, ह्यो त्या बाईनं इकत आणलाय. नळावरच द्या, समदी असताना.

११ मे
नॅपकिन खिशात घालून नळावर गेलो. सगळ्या होत्या, सिंधूबाई नव्हत्या. त्या आता लांबच्या बोअरवरून पाणी आणतात म्हणे. माझ्यामुळे. फार लाज वाटली.
त्यांचे हंडे आणायला गाडी घेऊन जावं म्हणून इंजिन सुरू केलं. थरथर नाही, काटा स्थिर. जागच्या जागी उत्तम चालत होतं.
गिअर काही टाकला नाही. मग बंद करून, नॅपकिन खिशातच घेऊन घरात आलो.