एका पेडलची सायकल

५ जानेवारी १९९६, शुक्र.
क्लबचे सेक्रेटरी बूथवर आले. आधी मद्रासला फोन लावला, मग हात जोडून म्हणाले, ११ फेब्रुवारीला सायकल रॅली आहे, तंजावूर ते पापनाशम. अपंगांना हाताने फिरवायच्या तीनचाकी द्यायच्या, त्यासाठी. "पहिली गाडी तुम्हालाच, चंद्राम्मा. स्टेजवर बसायचं, बस्स."
मी विचारलं, "रॅलीत नाव घालता येईल?"
"कोणाचं?"
"माझं."
हसले. कुचकं नाही, लहान मुलाला हसतात तसं. तेच जास्त लागलं. "तुमच्यासाठीच तर सगळे चालवणार. तुम्ही कशाला त्रास घ्यायचा?"
वय एकतीस. दोन वर्षांची असताना डावा पाय पोलिओने गेला. एस.टी.डी. बूथ मिळाला तो त्या पायावर. आता स्टेजही त्याच पायावर.
घरात सगळे मराठी बोलतात, पण देवनागरी वाचणारी आता मी एकटी, वारलेल्या अप्पांनी शिकवलेली. म्हणून इथे सरळ लिहिते. मी जाणार. चालवत.

७ जाने., रवि.
मामाच्या व्यंकटची रेसिंग सायकल मागच्या पडवीत पडून आहे. तो कंप्युटरच्या नोकरीला बंगळूरला गेला त्याला तीन वर्षं झाली. फोन केला. "घेऊन टाक अक्का. मी काय तिथे येऊन चालवणार आहे?"
बाहेर ओढली. टायर तडकलेले, चेन म्हणजे गंजाचा गोळा, मागच्या चाकाला आठ स्पोक कमी.
आई आली. "कसाला ग ते भंगार काढलंस?"
"चालवायला."
ती उंबऱ्यावरच बसली. "एक पाय धड राहिलाय. तोही घालवायचाय?"
बाराव्या वर्षी मोठ्या भावाच्या, अण्णाच्या, सायकलवर एकाच पायाने पेडल मारत अंगणभर फिरले होते. पडले नव्हते. ते घरात कोणाला आठवत नाही. पुढे सायकलला कुलूप लागलं, ते मला आठवतं.

१० जाने., बुध.
काजाभाई आले. सत्तरीचे असतील. रेल्वे फाटकाजवळचं सायकलचं दुकान मुलांवर टाकून घरी बसलेत. काय पाहिजे ते सांगितलं. ते बराच वेळ माझ्या पायाकडे बघत राहिले. दयेने नाही. नादुरुस्त चेनकडे बघतात तसं. बरं वाटलं.
मग म्हणाले, गिअर काढून टाका. फ्रीव्हील वेल्डिंगने जाम करू. मग चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. खाली दाबायचं काम तुमचं, पाय वर आणायचं काम चाकाचं. डावं पेडल नकोच. तिथे पाय टेकायला फ्रेमवर पट्टी मारू.
"पण अम्मा, फिरतं पेडल एकदम अडवायला गेलात तर ते तुम्हालाच फेकेल. आधी ब्रेक. नेहमी ब्रेक."
ब्रेकला ते कॅलिपर म्हणतात. मी साडी जरा वर करून पायातल्या लोखंडी पट्ट्या दाखवल्या. ह्याला पण कॅलिपरच म्हणतात, भाई. खूप हसले.

१५ जाने., सोम. पोंगल.
सगळे पुढे, नव्या तांदळाच्या भाताचं भांडं उतू जायची आणि ओरडायची वाट बघत. मी मागे. डाव्या पेडलच्या दांड्याची खीळ, कॉटर पिन, चार दिवस हलत नव्हती. रॉकेल, खोबरेल, परत रॉकेल. पुढून "पोंगलो पोंगल" ऐकू आलं आणि इथे हातोडीखाली पिन सुटली. मीही ओरडले. कोणाला वाटलं असेल, पोंगलसाठीच.
हात कोपरापर्यंत काळे. आई गोड पोंगल घेऊन आली, हात बघितले. स्वतःच्या हाताने भरवला. रागातच.

२१ जाने., रवि.
अण्णाला कळलं. सेक्रेटरी त्याच्या ऑफिसात जाऊन सांगून आले. "कलेक्टर येणार स्टेजवर, आणि तू सलवार घालून रस्त्यावर तंगडी मारत फिरणार? लोक काय म्हणतील?"
"लोक आत्ता काय म्हणतात ते माहीत आहे? लंगडीचा बूथ म्हणतात. चंद्राचा बूथ कोणी म्हणत नाही."
ताटावरून उठून गेला.
त्याचं चुकतं असं नाही. लहानपणी मला पाठीवर घेऊन शाळेत तोच न्यायचा. त्याला वाटतं अजून नेतोय.
चाकं मी स्वतः सरळ केली. एकेक स्पोक. काठीवर चालून चालून हातांत जोर आहे, तो इथे कामी आला.

२८ जाने., रवि.
सकाळी खंदकाकडच्या रस्त्यावर पहिल्यांदा. चढायला भिंत लागते, उतरायलाही. तीनदा पडले. कोपर सोललं. काजाभाई लांब उभे, हात मागे बांधून. मीच सांगितलं होतं, धरायचं नाही.
चौथ्यांदा दाबलं, आणि पाय खाली गेल्यावर मी काहीच न करता चाकाने तो वर आणून दिला. परत दाबलं. परत आणून दिला. वळणापर्यंत.
आणखी काय लिहू.

३ फेब्रु., शनि.
मी भरून पाठवलेला रॅलीचा फॉर्म परत आला. 'वैद्यकीय कारणास्तव नामंजूर.' मला तपासलं कोणी? म्हणजे पाठीवर लावायचा नंबर मिळणार नाही. नको. रस्ता क्लबचा नाही.

११ फेब्रु., रवि.
आजच लिहायचं.
सगळे सुटल्यावर निघाले. भिंत नव्हती, काजाभाईंच्या खांद्याला धरून चढले. घरचं कोणी नाही. अय्यमपेट्टैपर्यंत छान. पुढे शेतकऱ्यांनी कापलेली साळ रस्त्यावर पसरलेली, बसच्या चाकांखाली मळून निघावी म्हणून. पेंढा चेनमध्ये गेला. ब्रेक विसरले, पेडल अडवायला गेले. त्याने फेकलं. भाई म्हणाले होते तसंच.
सूप घेतलेल्या बायका धावत आल्या. कॅलिपरचा पट्टा तुटलेला, एकीने सुंभाने बांधला. दुसरी म्हणाली, "हे तुला कोण करायला लावतंय, बाई?"
"कोणी नाही. मीच."
"अय्यो, मग ढकला ग हिला!" दोघींनी सीटला धरून ढकललं. बरंच अंतर धावल्या.
पोचले तेव्हा मांडव अर्धा रिकामा. कलेक्टर गेलेले. स्टेजवर एक तीनचाकी उरलेली, तिच्यावर माझ्या नावाची पाटी. सेक्रेटरी म्हणाले, "आलात ना? फोटोपुरतं तरी यात बसा."
बसले नाही. उतरायला भिंत नव्हती. सायकलवरच बसून, मांडवाचा बांबू धरून, तांब्याभर पाणी प्यायले. एवढं गोड पाणी... असो.

१४ फेब्रु., बुध.
उजवा गुडघा सुजून नारळाएवढा. डॉक्टर म्हणतात आठ दिवस पाय टेकायचा नाही, मग बघू. बघू म्हणजे काय, ते सांगत नाहीत. आई तेल कोमट करून चोळते. 'मी म्हटलं होतं ना' असं अजून म्हणाली नाही. आज एवढंच विचारलं, "त्या बायकांची नावं विचारलीस?" विचारली नव्हती. अण्णा बोलत नाही. सकाळी बूथ मात्र त्यानेच उघडला.
मधून मधून भीती वाटते. लिहून ठेवते, कोणाला सांगणार नाही.
संध्याकाळी सेक्रेटरी घरी आले. तीनचाकीच्या पावतीवर सही पाहिजे. मी म्हटलं, गाडी चांगली आहे, जिला लागते तिला द्या. म्हणाले, यादीत तुमचं नाव आहे. म्हटलं, खोडा. मग म्हणाले, पुढच्या वर्षी ओरत्तनाडुला रॅली न्यायचा विचार आहे, तुमचा फोटो पत्रकावर टाकला तर?
"नंबर देणार?"
"ते कमिटी ठरवेल."
कोरा कागद मागवला. नाव, वय, पत्ता लिहिला. तपासल्याशिवाय नामंजूर करू नये, असंही खाली लिहिलं. तमिळमध्ये, म्हणजे कमिटीला नीट कळेल. हातात दिला.
हो म्हणाले नाहीत. घडी घालून खिशात ठेवला. फाडला नाही, दारापर्यंत मी बघत होते.
गुडघा अजून वाकत नाही.