यावोर्नाचं कुरण

चिखे, २ मे १९८७

चि. येंजेय यास अ. उ. आ.

राष्ट्रीय उद्यानवाल्यांनी बाबांचं यावोर्नाचं कुरण तुला चारणीला दिलं, हे मला चर्चच्या पायरीवर परक्याकडून कळलं. सख्ख्या भावाचं तोंड शिवलं होतं का? मेंढ्या डोंगर खातात म्हणून याच लोकांनी आपल्याला खाली हुसकावलं. आता कुरणात झाडोरा माजला, वसंतातली जांभळी फुलं दिसेनाशी झाली, तर मेंढ्यांची आठवण झाली! त्याही म्हणे जुन्या रीतीनेच राखायच्या. नक्षीची लोकरी विजार हवी, लाकडी भांडी हवीत. माझी ॲल्युमिनियमची, म्हणून थोरला नापास. बाबांच्या मागे कळप मी सांभाळला, अजूनही खालच्या रानात झोपडी टाकून सांभाळतोय रे! जळफळाट होतोय माझा, लपवत नाही.

तुझी वहिनी रोझालिया खुशाल आहे. ती तुझं कौतुक करते, तेही मला खपत नाही.

लोभ तूर्त बेताचाच आहे, तेवढ्यावर भागव.

तुझा दादा,
विन्सेंती

यावोर्ना, ११ जून

ती. दादास सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात धरवेना, इतकं तापलेलं! लाकडी भांडी फेकू नकोस म्हणून मी विनवलं, तेव्हा मला म्हातारबुवा कोण म्हणालं होतं? ही विजार दुपारी अशी टोचते की तुलाच आहेर करावी. पण एकदा वर ये ना. गवत बाबांच्या वेळेसारखं दिसायला लागलंय. उद्यानातल्या बाई म्हणतात, पुढच्या वसंतात फुलंही येतील.

वहिनीला धुरावरचं चीज पाठवतोय. तू खाल्लंस तरी चालेल.

राग सरला की माया पाठव.

तुझा,
येंजेय

चिखे, ५ जुलै

चि. येंजेय यास आ.

चीज पोचलं. चांगलं झालंय, मेल्या. फादरनी भर प्रवचनात तुझी तारीफ केली आणि रोझालियाने माझ्याकडे बघून मान डोलावली. त्या रात्री मी जेवलो नाही.

विन्सेंती

यावोर्ना, २० जुलै

ती. दादास सा. न. वि. वि.

घात झाला. वादळात छप्पर उडालं आणि झोपडीतली आग विझली. मेंढ्या वर चढवताना पेटवलेली आग त्या खाली उतरेपर्यंत विझू द्यायची नसते, तुला काय सांगू. काडी ओढून पुन्हा पेटवता येईल, पण हात धजत नाही. ज्यांनी मेंढ्या माझ्या हवाली केल्या त्यांच्या कानावर हे गेलं, तर अपशकुन म्हणून उद्याच घेऊन जातील. मेंढ्या गेल्या की कुरणही गेलं. फक्त तुलाच लिहितोय.

येंजेय

चिखे, २१ जुलै

चि. येंजेय यास अ. उ. आ.

खोटं कशाला बोलू, पत्र वाचून मला गुदगुल्या झाल्या. गावभर सांगायला टोपी घालून निघालोही होतो. फाटकाशी पाय अडले. कुरण गेलं आणि तू रिकाम्या हाताने खाली आलास, तर मी जळू कोणावर?

माझ्या झोपडीतले निखारे लोखंडी हंडीत घालून रोझालियाबरोबर पाठवतोय. आपल्याच घराची आग ती, विझली असं कोण म्हणेल? कुणाला कळणार नाही, शपथ.

एवढंच ध्यानात ठेव. आता तुझ्या चीजला लागणारा धूर माझा. फादर पुन्हा तारीफ करतील, तेव्हा मान मी डोलावणार.

लोभ आहे. फार चढून जाऊ नकोस.

तुझा दादा,
विन्सेंती