कौसाची झील

रविवार, सांजच्याला

सूनबाई, मी सांगते ते लिहायच्या आधी वहीत वार लिहिलास का? काल विसरलीस, अन् म्हातारी मला म्हणतेस!

नांदेडहून नातीनं आमचं गाणं मिक्सिंग करून, दोघींचे आवाज जुळवून फोनवर पाठवलं. शेजारची कौसा मोठ्या हौसेनं ऐकायला बसली. माझाच आवाज लई मोठा, तिची झील, माझ्यामागून धरलेला सूर, पार दबलेली. मी दम घेते तिथं कौसा ओळ धरते. नेमकं तिथंच गाणं तुटलं. कौसा उठून घरी गेली.

नातीला फोनवर झापलं. ती हसली, "आजी, दोघींचे आवाज वेगवेगळे रेकॉर्ड केलेत. तिचा वाढवते, तुझा जरा उतरवते."

उतरव बाई! कौसाचा घोगरा आवाज मला हवाच. पर हे तिला सांगू नको, सूनबाई.

उद्या नवं गाणं आलं की तिला बोलवायचंय. आत्ताच तिच्याकडं धपाटे पाठव, दही जरा जास्तच दे.